पंप हिरवा, पाणी थांबलेले: पुणे जिल्ह्यातील एका नियंत्रण कक्षाचे प्रकरण

पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या एका औद्योगिक वसाहतीत औषधांसाठी लागणारी इंटरमीडिएट रसायने बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. प्रक्रियेत वापरून झालेले मिथेनॉल पाण्यातून वेगळे करून पुन्हा वापरात आणण्यासाठी तेथे एक डिस्टिलेशन कॉलम, म्हणजे मिश्रण उकळवून त्यातले घटक वेगळे करणारा मनोरा, चोवीस तास चालतो. मे महिन्यातील एका रात्री वळवाच्या पावसात या कॉलमच्या कंडेन्सरचे (बाष्प थंड करून त्याचा द्रव करणाऱ्या भागाचे) थंड पाणी बंद पडले आणि त्यानंतरही सुमारे नऊ मिनिटे कॉलमला स्टीम मिळत राहिली. त्या अवधीत मिथेनॉलचे बाष्प छतावरच्या व्हेंटमधून उघड्यावर जात राहिले. आग लागली नाही, कोणाला इजाही झाली नाही. तरीही कारखान्याने घटनेची चौकशी केली आणि तीत बाहेरच्या दोघा इन्स्ट्रुमेंटेशन जाणकारांना बसवले. प्रस्तुत लेखक त्यांपैकी एक आहे. कारखान्याची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत आणि हिशोबातील आकडे गोल केले आहेत.

चौकशी सुरू होण्याआधीच कारखान्याचा पहिला अहवाल तयार होता. त्यातला निष्कर्ष एका ओळीचा होता: बोर्ड ऑपरेटरचे (नियंत्रण कक्षात स्क्रीनसमोर बसणाऱ्याचे) कूलिंग वॉटरच्या अलार्मकडे दुर्लक्ष झाले, सबब त्यास पुन्हा प्रशिक्षण द्यावे. हा निष्कर्ष खोटा नव्हता, कारण अलार्म खरोखरच आला होता आणि ऑपरेटरने तो ॲक्नॉलेज करून, म्हणजे पाहिल्याचे बटण दाबून, पुढे सरकवला होता. परंतु सात-आठ वर्षे तोच कॉलम चालवणाऱ्या माणसाने असे का केले, याचे उत्तर त्या ओळीत नव्हते. आणि ते उत्तर मिळाल्याशिवाय त्याच्या जागी दुसरा कोणी बसला असता तर त्याने वेगळे काही केले असते, असे म्हणण्याला आधार नव्हता.

कॉलमची रचना

मिथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण कॉलमच्या मध्यावर आत येते. तळाशी असलेल्या रीबॉयलरला, म्हणजे मिश्रण उकळवणाऱ्या भागाला, स्टीम दिली जाते. वर चढणारे मिथेनॉलचे बाष्प माथ्यावरील कंडेन्सरमध्ये थंड होऊन रिफ्लक्स ड्रममध्ये उतरते. ड्रममधून काही भाग पंपाने पुन्हा कॉलमच्या माथ्यावर सोडला जातो (हाच रिफ्लक्स) आणि उरलेला उत्पादन म्हणून टाकीकडे जातो. ड्रमचा व्हेंट एका छोट्या व्हेंट कंडेन्सरमधून, चिल्ड वॉटरने थंड होत, छतावरच्या फ्लेम अरेस्टरपर्यंत (बाहेरची ज्वाला आत शिरू न देणाऱ्या उपकरणापर्यंत) जातो. म्हणजे कॉलम वातावरणाच्या दाबावर चालतो आणि त्याचे तोंड एका अर्थी नेहमी उघडे असते.

ही शेवटची गोष्ट या प्रकरणाच्या मुळाशी आहे. बंद कॉलमचे थंड पाणी गेले तर दाब चढतो, दाब चढला की ट्रिप (आपोआप बंद करणारी सुरक्षा यंत्रणा) लागते आणि स्टीम बंद होते. या कॉलमलाही जास्त दाबाची ट्रिप होती, तिची चाचणी दर वर्षी होत असे आणि तिच्या नोंदी व्यवस्थित होत्या. परंतु ज्याचे तोंड उघडे आहे त्याचा दाब चढणार तरी कसा? बाष्प कंडेन्सरमध्ये थंड झाले नाही तर ते सरळ व्हेंटने निघून जाते आणि दाबाचा काटा जागचा हलत नाही. ज्या संकटासाठी ती ट्रिप बसवली होती, ते संकट तिला दिसणेच शक्य नव्हते.

माथ्यावरील तापमानाचेही तसेच होते. समुद्रसपाटीला मिथेनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळते. पुणे परिसर सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे ते ६३ अंशांच्या आसपास उकळते. (कॉलमच्या मूळ कागदपत्रांत ६४.७ हाच आकडा होता आणि तापमान दीड-पावणेदोन अंशांनी कमी का दिसते, यावर पूर्वी कोणीतरी दोनदा सेन्सर बदलला होता.) माथ्यावर जोवर जवळजवळ शुद्ध मिथेनॉल उकळते आहे, तोवर कंडेन्सर चालू असो की बंद, तापमान तेवढेच राहते. म्हणजे थंड पाणी गेल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत स्क्रीनवरील कॉलमच्या पानावर दाब ठीक, तापमान ठीक आणि स्टीमचा प्रवाह ठीक, असेच चित्र दिसणार होते.

त्या रात्री काय घडले

रात्री दोननंतर वीजपुरवठ्यात डिप आला. व्होल्टेज काही क्षणांपुरते निम्म्याच्या आसपास घसरले तरी मोटरचे कॉन्टॅक्टर (वीज जोडणारे स्विच) सुटतात, आणि तसेच झाले. नियंत्रण कक्ष यूपीएसवर असल्याने तेथे दिवासुद्धा लुकलुकला नाही. बाहेर मात्र फीड पंप, रिफ्लक्स पंप, कूलिंग वॉटर पंप, चिल्ड वॉटर पंप आणि बॉयलरचे पंखे एकदम थांबले. बॉयलर ब्रिकेटवर चालतो. पंखा थांबला म्हणून जाळीवरचा निखारा लगेच विझत नाही, त्यामुळे स्टीमचा दाब हळूहळूच उतरत होता आणि रीबॉयलरला स्टीम मिळतच होती.

स्क्रीनवर पहिल्या दहा मिनिटांत शंभराहून कितीतरी अधिक अलार्म आले. अलार्म व्यवस्थापनासाठी जगभर वापरले जाणारे ईईएमयूए १९१ हे मार्गदर्शक १९९९ मध्ये निघाले. त्यानंतर २००९ मध्ये आयएसए १८.२ आणि २०१४ मध्ये आयईसी ६२६८२ ही मानके आली. या परंपरेत दहा मिनिटांत दहापेक्षा अधिक अलार्म आले तर त्याला पूर समजतात, कारण त्यापुढे माणूस अलार्म वाचत नाही, फक्त हूटर बंद करतो. आमच्या ऑपरेटरने तेच केले. पहिल्या मिनिटात त्याने एकामागून एक ॲक्नॉलेजचे बटण दाबले आणि ‘नाहीतर हूटरच्या आवाजात फोनवरचं ऐकू येत नाही’ हे त्याने दिलेले कारण आम्हाला पूर्णपणे पटले.

त्यानंतर त्याने शिकवल्याप्रमाणे पंपांचे पान उघडले. कूलिंग वॉटरचा चालू पंप लाल झाला होता, पण शेजारचा स्टँडबाय पंप ऑटोवर होता आणि तो आपोआप सुरू होऊन हिरवा दिसत होता. चिल्ड वॉटर पंपाला ऑटो नव्हता. तो नंतर पाहू असे ठरवून ऑपरेटरने रिफ्लक्स पंप हाताने सुरू केला, कारण माथ्यावर रिफ्लक्स गेला नाही तर कॉलम बिघडतो हे त्याला पक्के ठाऊक होते. रिफ्लक्स सुरू झाला. मग त्याने शिफ्ट इनचार्जना फोन केला. साहेब बॉयलर हाऊसमध्ये होते आणि फोन उचलला गेला नाही.

स्टँडबाय पंप मात्र पाणी उचलत नव्हता. कूलिंग टॉवरच्या हौदातून खेचणाऱ्या त्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह (नळीतले पाणी मागे जाऊ न देणारी तळाची झडप) गळका होता, त्यामुळे पंप उभा असताना सक्शन लाइनमधले पाणी हळूहळू उतरून गेले होते. मोटर फिरत होती, कॉन्टॅक्टर लागलेला होता आणि पंप हवा मारत होता. स्क्रीनवरचा हिरवा रंग कॉन्टॅक्टरच्या सहायक संपर्कावरून येत असे. मोटरला वीज मिळाली आहे एवढेच त्याला कळत होते; पाणी वाहते आहे की नाही, हे त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते.

पाण्याच्या हेडरचा (पाणी वाटणाऱ्या मुख्य नळीचा) दाब कमी झाल्याचा अलार्म आला होता. हाच तो पहिल्या अहवालातला अलार्म. परंतु हा अलार्म उन्हाळ्यात, दोन्ही कॉलम एकाच वेळी चालू असताना, जवळजवळ रोज येत असे, कारण त्याची मर्यादा प्लँट नवा असताना एकाच कॉलमच्या हिशोबाने लावलेली होती. तो आला की काही करावे लागत नाही, असा अनुभव ऑपरेटरांना कित्येक उन्हाळे मिळत होता. यंत्रणेने स्वतःच ज्याची किंमत शून्य करून ठेवली होती, असा तो एकमेव खरा निरोप होता.

पुढच्या काही मिनिटांत रिफ्लक्स ड्रमची पातळी उतरू लागली. ऑपरेटरने उत्पादनाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला, जे योग्यच होते. पातळी तरीही उतरत राहिली. ट्रान्समीटर (पातळी मोजून स्क्रीनवर पाठवणारे उपकरण) बिघडला असावा अशी त्याला शंका आली. पावसाळी हवेत तो पूर्वी दोन-तीनदा चुकलेला होता. म्हणून त्याने फील्ड ऑपरेटरला वॉकीटॉकीवरून ड्रमची गेज काच बघायला वर पाठवले. फील्ड ऑपरेटर वयाने मोठे, अनेक वर्षांचे मुरलेले गृहस्थ. काचेत पातळी खरोखरच कमी होती. मग त्यांनी, कोणी न सांगता, कंडेन्सरच्या पाण्याच्या आउटलेट नोझलला हात लावला आणि झटकन मागे घेतला. वॉकीटॉकीवर त्यांचे शब्द असे होते: ‘दादा, कंडेन्सरचं पाणी चालत नाहीये. नोझल भाजतंय.’ बोर्ड ऑपरेटरने त्याच क्षणी स्टीमचे इमर्जन्सी बटण दाबले. ‘काका बोलले आणि मला सगळं एकदम दिसलं,’ असे त्याने आम्हाला सांगितले.

किती वेळ हातात होता

चौकशीत सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे एका कागदावर मांडलेला साधा हिशोब. रीबॉयलरला तासाला सुमारे ८०० किलो स्टीम जात होती. स्टीमची सुप्त उष्णता किलोला साधारण २,१०० किलोज्यूल धरली तर हा भार ४६५ किलोवॅटच्या आसपास येतो. मिथेनॉलची सुप्त उष्णता किलोला सुमारे १,१०० किलोज्यूल आहे. म्हणजे मिनिटाला २५ किलोपर्यंत मिथेनॉलचे बाष्प कंडेन्सरकडे येत होते. पाणी थांबले तरी कंडेन्सरमध्ये साठलेले पाणी काही काळ काम करते. पण आत सुमारे १५० लिटर पाणी आहे असे धरले आणि ते ३२ अंशांवरून ६३ अंशांपर्यंतच तापू शकते हे लक्षात घेतले, तर हा साठा चाळीसेक सेकंदांत संपतो.

तेव्हा पाणी थांबल्यापासून व्हेंटमधून बाष्प निघू लागेपर्यंत एक मिनिटसुद्धा नव्हते. एका मिनिटात, अलार्मच्या पुरात, मध्यरात्री, एका माणसाने अनेक पंपांच्या अवस्था तपासून, हिरवा दिसणारा पंप प्रत्यक्षात पाणी देत नाही हे ओळखून स्टीम बंद करायची, अशी अपेक्षा त्या नियंत्रण कक्षाच्या रचनेत न बोलता धरलेली होती. हा हिशोब बैठकीत मांडल्यावर ‘दुर्लक्ष’ हा शब्द अहवालातून निघाला. तो काढावा असे आम्हाला वेगळे सांगावे लागले नाही.

धोका किती होता, हेही यावरून कळते. मिथेनॉलचे बाष्प हवेत सुमारे ६ ते ३६ टक्के असताना पेट घेऊ शकते आणि त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याचे बाष्प ठिणगीने पेटू शकते तो) ११ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे पुण्यातल्या कडाक्याच्या हिवाळ्याच्या काही पहाटा सोडल्या तर ते वर्षभर त्या तापमानाच्या वरच असते. नऊ मिनिटांत सगळे बाष्प बाहेर गेले असे धरल्यास आकडा दोनशे किलोपर्यंत जातो. प्रत्यक्षात तो कमी असणार, कारण ड्रम रिकामा होत आला तसा रिफ्लक्स कमी झाला आणि माथ्यावर पाण्याचे प्रमाण वाढू लागले होते. त्या रात्री वारा होता. कारखान्याचे गॅस डिटेक्टर खाली पंपांजवळ होते. छतावर एकही नव्हता.

हिरव्या रंगाचा इतिहास

आदेश गेला यालाच काम झाले असे दाखवणारी यंत्रणा ही काही या कारखान्याची खासियत नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र तो बंद असल्याचे सुचवत होता, कारण दिव्याला फक्त सोलेनॉइडची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विद्युतचुंबकाची) वीज गेल्याचे कळत होते, व्हॉल्व्हची जागा कळत नव्हती. ऑपरेटरांनी त्या चित्रावरून जे निर्णय घेतले, ते चित्र खरे असते तर बरोबर ठरले असते. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिल्फर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात विजांच्या वादळानंतर बिघाड सुरू झाला; तेथे एक नियंत्रण व्हॉल्व्ह बंद अडकला होता आणि स्क्रीनवर तो उघडा दिसत होता. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या पावणेअकरा मिनिटांच्या आसपासच्या काळात तेथील दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. वादळ, फसवा निर्देशक आणि अलार्मचा पूर, हे तिन्ही आमच्या प्रकरणातही होते. मिल्फर्ड हेवनला २६ जण जखमी झाले. येथे कोणाला खरचटलेही नाही, यात रचनेचे श्रेय काही नाही.

आम्ही बोर्ड ऑपरेटरशी आणि फील्ड ऑपरेटरशी दोन वेगवेगळ्या दिवशी बोललो. ट्रेंडचे (मोजमापांच्या आलेखांचे) छापील कागद समोर ठेवून आम्ही प्रत्येक टप्प्यावर तेच विचारले: त्या क्षणी काय दिसत होते, त्यावरून काय वाटले, आणि दुसरे काय असू शकते असे मनात आले का. अमेरिकेतील गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या प्रमुखांचे निर्णय अभ्यासताना अशा मुलाखती घेतल्या होत्या. अनुभवी माणूस पर्यायांची तुलना करत बसत नाही, ओळखीचे चित्र दिसले की त्या चित्राबरोबरचीच कृती करतो, असे त्यांना आढळले. आमच्या ऑपरेटरचे नेमके तसेच झाले. ‘डिप आला, स्टँडबाय पंप उचलला, रिफ्लक्स लावा’ हे त्याला पाठ असलेले चित्र होते आणि त्या रात्रीपूर्वी ते कधी चुकले नव्हते. ते मोडायला विरोधी पुरावा लागतो. हेडरच्या दाबाच्या अलार्मची किंमत शून्य झालेली असल्याने स्क्रीनवर असा पुरावा एकच उरला होता, पातळी. आणि पातळीचा ट्रान्समीटर बदनाम होता.

खरे तर पातळीने अचूक उत्तर दिले होते, फक्त ते वाचायची सोय नव्हती. उत्पादनाचा व्हॉल्व्ह बंद आहे आणि रिफ्लक्सचा प्रवाह मोजलेला आहे, अशा वेळी ड्रम ज्या वेगाने रिकामा होतो तो वेग रिफ्लक्सच्या प्रवाहाइतकाच असेल, तर ड्रममध्ये वरून काहीच येत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. आणि वरून काही येत नाही म्हणजे कंडेन्सर काम करत नाही. ट्रेंडच्या कागदावर पट्टी ठेवून आम्ही हे दहा मिनिटांत काढले. ऑपरेटरकडे दहा मिनिटे नव्हती, पण डीसीएसला (प्लँट चालवणाऱ्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेला) हा हिशोब दर सेकंदाला करता आला असता. म्हणून कॉलमच्या पानावर ‘कंडेन्सेटची आवक’ असा एक नवा आकडा टाकला, जो पातळीच्या बदलावरून आणि दोन प्रवाहांवरून निघतो. सगळ्या बदलांत खर्चाच्या मानाने सर्वांत मोलाचा बदल आम्हाला हाच वाटतो. त्यासाठी एकही नवे उपकरण लागले नाही.

काय बदलले आणि कशावर वाद झाला

पंपाच्या चिन्हात आता तीन गोष्टी वेगळ्या दिसतात: आदेश गेला का, मोटर फिरते का, आणि पुढे दाब तयार झाला का. तिन्ही जुळल्याशिवाय चिन्ह शांत होत नाही. रंगावर अर्धा दिवस गेला. इलेक्ट्रिकलच्या मंडळींना स्विचगिअरच्या सवयीने लाल म्हणजे चालू आणि हिरवा म्हणजे बंद, तर प्रोसेसच्या मंडळींचे बरोबर उलटे. शेवटी चालू-बंद दोन्ही करड्या छटांत दाखवायचे आणि रंग फक्त बिघाडासाठी राखून ठेवायचा, असे ठरले. ‘स्क्रीन मेल्यासारखी वाटते’ ही पहिल्या आठवड्यातली तक्रार पुढे बंद झाली.

अलार्मची छाननी बरीच लांबली. बोर्ड ऑपरेटर, प्रोसेस, इन्स्ट्रुमेंट आणि मेंटेनन्स असे चौघे बसत आणि प्रत्येक अलार्मसाठी तीन उत्तरे मागत: हा आला की ऑपरेटरने काय करायचे, किती वेळात करायचे, आणि नाही केले तर काय होईल. पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो अलार्म राहत नाही, नोंदवहीत जातो. मेंटेनन्सला आपले बेअरिंग तापमानाचे इशारे स्क्रीनवरून जाऊ द्यायचे नव्हते आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, कारण नोंदवही कोणी उघडून पाहत नाही, हा त्यांचा अनुभव होता. त्यांच्यासाठी सकाळच्या पाळीत निघणारी वेगळी यादी करून दिली. अलार्मच्या महत्त्वाचे प्रमाण ढोबळमानाने ८० टक्के साधे, १५ टक्के मध्यम आणि ५ टक्के तातडीचे असावे असा संकेत आहे. येथे पूर्वी निम्म्याहून अधिक अलार्म ‘तातडीचे’ होते, म्हणजे तातडीचे कोणतेच नव्हते. हेडरच्या दाबाची मर्यादा दोन कॉलमच्या हिशोबाने पुन्हा लावली.

या छाननीत एक चूक झाली आणि ती चाचणीत सापडली. चिल्ड वॉटर पंप थांबल्याचा अलार्म साध्या वर्गात टाकला गेला होता, कारण रोजच्या कामात व्हेंट कंडेन्सरवर भार जवळपास नसतो. पण मुख्य कंडेन्सर गेल्यावर व्हेंट कंडेन्सर हीच शेवटची अडवणूक असते, मग ती लहान का असेना. अलार्मचे महत्त्व प्लँटच्या अवस्थेप्रमाणे बदलते. त्यामुळे डिपनंतर आपोआप उघडणारे एक वेगळे पान केले, ज्यावर कॉलम सुरक्षित ठेवण्यासाठी लागणाऱ्या मोजक्या गोष्टी एकत्र दिसतात आणि डिपमुळे येणारच असलेले इतर अलार्म त्या काळापुरते दाबले जातात.

सर्वांत मोठा वाद स्वयंचलित ट्रिपवर झाला. एका मिनिटाच्या आत घ्यायचा निर्णय माणसावर सोडू नये, तो इंटरलॉककडे द्यावा, ही आमची भूमिका होती. अलार्म तेथेच ठेवायचा जेथे माणसाला पाहायला, समजायला आणि करायला पुरेसा वेळ आहे. उत्पादन विभागाचे म्हणणे असे की प्रत्येक डिपला स्टीम ट्रिप झाली तर कॉलम पुन्हा स्थिर करायला दोन-तीन तास जातात, आणि पावसाळ्यात डिप काही थोडे येत नाहीत. दोन्ही बाजूंचे समाधान वीस सेकंदांच्या विलंबाने झाले: हेडरचा दाब वीस सेकंद कमी राहिला तरच स्टीम बंद होते. स्टँडबाय पंप नीट असेल तर तो तेवढ्यात दाब उभा करतो आणि कॉलम वाचतो. नसेल तर कंडेन्सरमधला साठा संपण्याआधी स्टीम जाते.

दाबही फसवू शकतो, ही अडचण राहिलीच. कंडेन्सरचा स्वतःचा व्हॉल्व्ह बंद राहिला तर हेडरला दाब भरपूर आणि कंडेन्सरला पाणी शून्य. त्यासाठी कंडेन्सरच्या आउटलेटवर तापमान मोजायचे ठरले. इन्स्ट्रुमेंट विभागाने सेन्सर तीन मीटर पुढे, शिडीवरून सहज हात पोहोचेल अशा जागी सुचवला होता. थांबलेले पाणी तेथपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे पाणी बंद असताना तो सेन्सर गारच राहिला असता. ज्या नोझलला फील्ड ऑपरेटरांनी हात लावला होता, त्यावरच तो बसवावा लागला आणि कॅलिब्रेशनसाठी एक छोटी चढण्याची फळी करावी लागली.

स्टीम बंद करण्याचा अधिकार

या प्रकरणातील एक गोष्ट कोणत्याही ट्रेंडवर दिसत नव्हती. कार्यपद्धतीच्या कागदावर ‘कूलिंग फेल झाल्यास स्टीम बंद करावी’ असे स्पष्ट होते. प्रत्यक्षात स्टीम कट करायची तर आधी साहेबांना विचारायचे, असा रिवाज होता. मागच्या वर्षी एका ऑपरेटरने शंका आल्यावर स्टीम बंद केली होती, शंका खोटी निघाली होती, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये त्याला उभे करून कारण विचारले गेले होते. शिक्षा काहीच झाली नव्हती. तेवढे पुरले. आमच्या ऑपरेटरने पातळी उतरताना दोनदा शिफ्ट इनचार्जना फोन लावला, तो का, हे त्याने प्रथम सांगितले नाही. फील्ड ऑपरेटरांनी सांगितले.

दुसऱ्या फोनपाशी किमान दोन मिनिटे गेली, असे कॉलच्या नोंदी आणि ट्रेंड यांची जुळणी केल्यावर दिसते. त्याच्या मनात कंडेन्सरची शंका आधीच होती का, यावर तो ठाम नाही आणि आम्ही त्याला ठाम व्हायला लावले नाही. तथापि शंका असूनही हात थांबत असेल, तर पान कितीही चांगले केले तरी उपयोग अर्धाच, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून प्लँट प्रमुखांच्या सहीचे एक पानभर मराठी पत्र नियंत्रण कक्षात लावले गेले. त्यात लिहिले आहे की स्टीम बंद करण्यासाठी बोर्ड ऑपरेटरने कोणाचीही परवानगी घेऊ नये, आणि बंद केल्याबद्दल त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला जाणार नाही. खुलासा हवाच असेल तर तो स्टीम चालू ठेवण्याचा, असे वाक्य मसुद्यात होते. उत्पादन विभागाने ते काढायला लावले. आमच्या मते ते राहायला हवे होते.

ऑगस्टमध्ये पुन्हा डिप आला. स्टँडबाय पंपाचा फूट व्हॉल्व्ह एव्हाना बदललेला होता, दाब बारा-तेरा सेकंदांत उभा राहिला आणि ट्रिप लागली नाही. दुसऱ्याच आठवड्यातल्या डिपला मात्र दाब हळू चढला, विसाव्या सेकंदाला स्टीम गेली आणि कॉलम सकाळपर्यंत बंद राहिला. त्या मीटिंगमध्ये विलंब तीस सेकंद करण्याचा प्रस्ताव आला. चाळीस सेकंदांचा हिशोब कंडेन्सर स्वच्छ आणि पाण्याने पूर्ण भरलेला असताना केलेला आहे, नळ्यांत क्षार बसले की तो कमी होतो, या कारणाने प्रस्ताव नाकारला गेला. त्याऐवजी हौदातली पाण्याची पातळी नीट राखायची आणि स्टँडबाय पंप दर आठवड्याला पाण्यावर चालवून पाहायचा, असे ठरले. ट्रिप बायपास करण्याची किल्ली आता शिफ्ट इनचार्जकडे नसते, प्लँट प्रमुखांकडे असते, आणि बायपास आठ तासांनंतर आपोआप सुटतो. छतावरच्या गॅस डिटेक्टरची खरेदी हा मजकूर लिहीपर्यंत मंजुरीतच अडकलेली आहे.